ऋषीचे कूळ, नदीचे मूळ आणि नवगावचा किनारा

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही ऋषी नाही आणि सोहारला नदीही नाही (वाद्या आहेत, पण त्यांना पाऊस पडला तरच पाणी!), त्यामुळे हा नियम आपल्याला लागू नसावा, अशा समजुतीने मंडळाच्या बालविभागाने यंदा मुलांना आपापल्या घराण्याची वंशावळ काढून आणायला सांगितले. तक्ते तपासायचे काम आमच्याकडे आले. दिवसभर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासतोच, त्यात हे थोडे अधिक, असे वाटले. पण पहिली अडचण आमच्याच घरातून निघाली.

आमची लेक सहावीत आहे. तिने तक्त्यावर पणजोबांच्या नावापुढे जन्मसाल लिहिले, १९२१. आधार काय, तर गावाहून मागवलेला शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख स्वच्छ अक्षरात लिहिलेली आहे, १ जून १९२१. शुक्रवारी फोनवर तिने हे मोठ्या आत्यांना वाचून दाखवले. आत्या म्हणाल्या, "छे गं, अण्णा मानमोडीच्या साथीत तान्हे होते. त्यांना पोटाशी बांधून आजी रानातल्या खोपटात जाऊन राहिली होती. मी तिच्या तोंडून ऐकलंय." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. लेक म्हणाली, "पण आत्याआजी, कागदावर तर एकवीस आहे!" पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्या म्हणाल्या, "बरं बाई, कागदावर असेल तर तसं. आम्ही आपल्या खोटं बोलणाऱ्या."

फोन ठेवल्यावर आमच्या सौ.ने आमच्याकडे असे पाहिले, की दाखला मागवणे हा आमचाच गुन्हा होता.

हा प्रसंग मनातून जाईना. त्याच वेळी आमच्या गावाकडची एक जुनी गोष्ट आठवली. आमचे गाव अलिबाग तालुक्यातले. आत्यांच्या लहानपणी गावात काही घरे होती, त्यांना लोक 'शनवार तेली' म्हणत. घाणा चालवायचा, तेल विकायचे, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. बोलणे आपल्यासारखेच आगरी-कोकणी वळणाचे मराठी, बायकांचे नेसणे नऊवारी, पण देवघरात मूर्ती नाही. ही बेने इस्राएल मंडळी, म्हणजे कोकणातले मराठीभाषक यहुदी. आपले मूळ कोणते, हा प्रश्न या समाजाला जितक्या जणांनी आणि जितक्या कडकपणे विचारला, तितका क्वचितच कोणाला विचारला गेला असेल. त्यांची हकीकत आम्ही मिळेल तिथून वाचून काढली. तिच्यात आपल्या सोहारच्या किनाऱ्याचाही थोडा संबंध येतो, म्हणून ती येथे सांगत आहोत.

त्यांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली कथा अशी. पश्चिमेकडून निघालेले एक गलबत कोकणच्या किनाऱ्याजवळ, अलिबागच्या उत्तरेला नवगावपाशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका एवढेच वाचले. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती नवगावातच पुरली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांना फक्त 'शेमा' ही एक प्रार्थना पाठ होती, तेवढी राहिली. त्यांनी तेलाच्या घाण्याचा धंदा धरला, गावोगाव पांगले आणि गावांचीच आडनावे घेतली. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर. नावेही मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी.

आता हे कधी घडले? येथूनच मतभेद सुरू होतात. या समाजाचे स्वतःचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. (तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी!) त्यांनी आगमनाचा काळ इ.स.पूर्व १७५ च्या सुमारास धरला. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा असा, की इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात सुरू झालेला हनुक्का हा सण कोकणातल्या या लोकांना मुळीच माहीत नव्हता. तेव्हा तो सुरू होण्याआधीच ते मायदेशाहून निघाले असले पाहिजेत.

मुद्दा हुशारीचा आहे. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. नमुन्यात एखादा पदार्थ सापडला नाही, तर 'नाही' असे लिहायचे नसते. 'आमच्या उपकरणाला दिसला नाही' एवढेच लिहायचे असते. ज्यांचे ग्रंथच बुडाले आणि एकच प्रार्थना उरली, त्यांच्या स्मरणातून एखादा सण गळला असणेही शक्य आहे. म्हणून इतर अभ्यासकांनी वेगवेगळे काळ सुचवले. कोणी याहूनही मागे, इस्राएलच्या दहा हरवलेल्या कुळांपर्यंत गेले, कोणी पाचव्या-सहाव्या शतकातल्या इराणकडे बोट दाखवले, कोणी येमेनकडे.

लेखी कागद पाहावेत तर ते फार उशिराचे. १७३८ मध्ये मद्रासकडच्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने लिहिले, की पश्चिम किनाऱ्याकडे स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणवणारे लोक आहेत, ते 'शेमा'खेरीज फारसे काही जाणत नाहीत. हीसुद्धा ऐकीव माहिती. त्याने त्यांना पाहिले नव्हते. १७६८ मध्ये कोचीनचे मोठे यहुदी व्यापारी एझेकिएल रहाबी यांनी आपल्या पत्रात कोकणातल्या तेल गाळणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या या लोकांचा उल्लेख केला. म्हणजे गलबत फुटण्याची गोष्ट हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची आणि पहिला कागद पेशवाईतला!

त्यात आणखी एक गुंता आहे. समाजाची परंपरा सांगते, की डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. हे लोक खरोखरच आपल्यापैकी आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. त्यांनी खवले-पर असलेले मासे खाण्यासाठी निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. यहुदी धर्माचा नियम तोच. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले, ते समाजाचे काजी झाले. परंपरेत हा रहाबी कित्येक शतकांपूर्वीचा, काहींच्या मते नऊशे-हजार वर्षांपूर्वीचा. पण कोचीनच्या एझेकिएल रहाबींच्या मुलाचे नावही डेव्हिडच, आणि तो तर अठराव्या शतकातला. मग परंपरेतला रहाबी हाच का? की दोन वेगळ्या काळांतली दोन माणसे सांगता सांगता एक झाली? विद्वानांत यावर एकमत नाही. आपल्याकडेही आजोबांच्या गोष्टी पणजोबांच्या नावावर जमा होतातच की!

ज्यांना कागदांनी साथ दिली नाही, त्यांना भाषेने थोडी दिली. समाजाच्या सणांची जुनी नावे पाहा. नवीन वर्षाचा 'नव्याचा सण', त्याशिवाय एक 'खिरीचा सण'. ही शुद्ध घरगुती मराठी नावे. पण जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा जो उपास, त्याला ते 'बिरड्याचा रोजा' म्हणत, कारण त्याला वालाचे बिरडे खायचे. बिरडे आपल्या कोकणातले, रोजा हा शब्द फारसी. मुलूख निजामशाही आणि सिद्दी अंमलाखाली असताना आलेला हा शब्द असावा, म्हणजे हे उपास त्यांच्यात सणांच्या मानाने उशिरा शिरले असावेत, असा तर्क करता येतो. ज्यांनी लिहून ठेवले नाही त्यांच्याही बोलण्यात इतिहास साठून राहतो, तो असा.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. रोज संध्याकाळी मुलांना घेऊन आपण ज्या समुद्रावर जातो, तेथून एके काळी चीनपर्यंत गलबते जात. दहाव्या शतकातल्या 'अजायब अल-हिंद' या अरबी ग्रंथात खलाशांकडून ऐकलेल्या गोष्टी आहेत. त्यांत इसहाक नावाच्या एका यहुदी व्यापाऱ्याची कथा येते. तो ओमानहून थोडेसे भांडवल घेऊन पूर्वेकडे गेला आणि सुमारे तीस वर्षांनी, इ.स. ९१२-१३ च्या सुमारास, स्वतःच्या गलबतातून अफाट संपत्ती घेऊन परतला. हा इसहाक आपल्या सोहारचा मानला जातो. त्यानंतर तीनच वर्षांनी, ९१६ मध्ये, अल मसूदी हा प्रवासी कोकणात 'सैमूर'ला, म्हणजे अलिबागजवळच्या चौलला पोहोचला. त्याने लिहून ठेवले आहे, की तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, आणि त्यांत सिराफ, बसरा, बगदाद आणि ओमानहून आलेले लोक आहेत. राज्य राष्ट्रकूटांचे, स्थानिक कारभार शिलाहारांचा. पुढे दहा वर्षांनी, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ च्या चिंचणी (आताचा पालघर जिल्हा) येथील ताम्रपटात तर संजाणचा कारभारी 'मधुमती' नावाचा ताजिक, म्हणजे अरब, असल्याची नोंद आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद! आपल्या लोकांनी सॅम्युएलचा सामाजी करण्याच्या आधी मुहम्मदचा मधुमती केला होता.

यावरून बेने इस्राएलांचे पूर्वज सोहारहून गेले, असे म्हणायचे नाही. तसे सांगणारा एकही पुरावा नाही. एवढेच म्हणता येते, की ओमान आणि इराणच्या आखाताकडून चौल-नवगावच्या पट्टीवर माणसे येऊन स्थायिक होणे हे दहाव्या शतकात नेहमीचे होते आणि त्या व्यापारात यहुदीही होते. गलबतकथेतला समुद्र खरा आहे, वाट खरी आहे.

हे सगळे आजवर पुस्तकातले वाद राहिले असते. पण १९४८ नंतर समाजातले पुष्कळ लोक इस्राएलला गेले आणि तेथे हा प्रश्न लग्नाच्या मांडवात येऊन उभा राहिला. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्राएल वधू-वरांचे इतर यहुद्यांशी लग्न लावताना त्यांच्या आईकडच्या घराण्याची जितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत जमेल तितकी चौकशी करावी. विचार करा. किहीम-झिराडच्या तेल्याच्या मुलीने खापरपणजीचा दाखला आणायचा कोठून? त्यांनी दाखले शोधले नाहीत, ते रस्त्यावर आले. धरणी धरली, उपोषणे झाली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने या विषयावर खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर सूचनेतून त्यांचे नाव काढले गेले. दोन हजार वर्षे टिकवलेला शनिवार पुरेसा नव्हता, कागद हवा होता, ही सल मात्र त्या पिढीच्या मनात राहिली. याच मंडळींनी पुढे इस्राएलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, हेही आपण ध्यानात ठेवू या. परमुलखात पानांची जुळवाजुळव करून मराठी पत्रिका काढणे काय असते, ते आपल्या मंडळाच्या संपादकांना विचारा.

अखेर विज्ञानाचा दाखला आला. २०१६ मध्ये बेने इस्राएलांच्या जनुकांचा एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचातील लाखो खुणा इतर यहुदी आणि भारतीय गटांशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा, की या समाजात मध्यपूर्वेकडील यहुदी वंश आणि भारतीय वंश दोन्ही आहेत. यहुदी वाटा मुख्यतः पुरुषांकडून आलेला, भारतीय वाटा मुख्यतः बायकांकडून. आणि ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीची.

आता हे कथेशी ताडून पाहू. पूर्वज समुद्रापलीकडून आले, ही गोष्ट खरी ठरली. ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता त्यांच्या आज्या खरे बोलत होत्या. पण 'सात बायका' मात्र अडचणीत आल्या. गलबतातून बहुधा पुरुषच उतरले आणि त्यांनी इथल्या मुलींशी संसार थाटला. केहिमकरांचे इ.स.पूर्व १७५ ही यातून सिद्ध होत नाही. मात्र एक सावधगिरी येथेही हवी. सरमिसळीचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. आल्यावर काही पिढ्या ते वेगळे राहिले असतील. शिवाय नमुने अठराच. उपकरण कितीही भारी असले, तरी त्याला जो प्रश्न विचारला त्याचेच उत्तर ते देते.

मग ते सात अधिक सात, चौदा, आले कोठून? याच कोकणात दुसरी एक कथा प्रसिद्ध आहे. परशुरामाला समुद्रकाठी चौदा प्रेते सापडली, त्याने ती शुद्ध करून जिवंत केली आणि त्यांपासून चित्पावन झाले, असे सह्याद्रिखंडाच्या परंपरेत सांगतात. तेथेही समुद्र, तेथेही चौदा. कोणी कोणाची कथा घेतली, या वादात शिरण्याचे कारण नाही. 'आम्ही समुद्राकडून आलो, थोडे होतो, वाचलो' हे सांगण्याची कोकणची ती एक रीत होती, असे आम्हाला वाटते. घाटावरच्या अनेक घराण्यांत असेच 'तीन भाऊ निघाले, एक इथे राहिला, एक पुढे गेला, एकाचा पत्ता नाही' असे सांगतात. आमच्याही घरी तीन भाऊ आहेत! अशा कथेतला आकडा मोजणीसाठी नसतो, लक्षात राहण्यासाठी असतो. तो चुकला म्हणून कथा खोटी ठरत नाही. आणि कथा प्रेमाची आहे म्हणून आकडा खराही होत नाही.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा अण्णांच्या जन्मसालाकडे वळलो. शाळेच्या दाखल्याला आम्ही तीन प्रश्न विचारले. कोणी लिहिला? मास्तरांनी. केव्हा? जन्मानंतर सहा-सात वर्षांनी, मूल पटावर घेताना. कशासाठी? पहिलीच्या वर्गात वय बसावे म्हणून. आणि १ जून! वाचकहो, आपापल्या आजोबांचे दाखले काढून पाहा. निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आढळेल, कारण तारीख माहीत नसली की शाळेच्या वर्षाच्या तोंडची हीच तारीख मास्तर लिहीत. म्हणजे दाखला अस्सल आहे, पण तो जन्माचा साक्षीदार नाही, प्रवेशाचा साक्षीदार आहे.

मग चुलतभावाने तलाठी कार्यालयातून एक जुना फेरफार मिळवला. १९३७ साली अण्णांचे वडील वारल्यावर जमिनीला वारस लागले. धाकट्या भावाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे आहे, म्हणजे तो अज्ञान आणि पालनकर्ती आई. अण्णांच्या नावापुढे तसे काही नाही. याचा अर्थ १९३७ मध्ये अण्णा अठरा वर्षांचे झालेले होते. १९२१ चा जन्म धरला तर ते सोळाच वर्षांचे भरतात. मानमोडीतले तान्हे बाळ धरले तर बरोबर बसते. तलाठ्याच्या हातून एखादे अक्षर सुटले असेल, हे शक्य आहे. पण दोन वेगळ्या ठिकाणचे, एकमेकांना न भेटलेले साक्षीदार एकच सांगत असतील, तर त्यांचे वजन वाढते.

लेकीने तक्ता नव्याने केला. अण्णांच्या नावापुढे तिने लिहिले: 'जन्म १९१८ च्या सुमारास (मोठ्या आत्याआजी, त्यांच्या आजीकडून ऐकलेले, १९३७ च्या फेरफाराशी जुळते). शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२१.' चौकट लहान, मजकूर मोठा, त्यामुळे तक्ता थोडा वाकडा दिसतो. पुढच्या शुक्रवारी तो फोनवर वाचून दाखवला. आत्या म्हणाल्या, "माझं नाव कशाला घातलंस त्यात?" पण आवाज खुललेला होता. मग त्यांनी त्या रानातल्या खोपटाची जागा सांगितली, शेजारी कोण होते ते सांगितले, साथीत घरातले कोण गेले त्यांची नावे सांगितली. त्यांतली दोन नावे आमच्या कुठल्याच कागदात नाहीत. ती तक्त्यावर आता आहेत.

तेव्हा मंडळाच्या वतीने सर्व कुटुंबांना एक विनंती. जून-जुलैत सुटीला घरी जाल, तेव्हा सोन्याच्या आणि मसाल्याच्या यादीत एवढे एक काम घाला. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ एक दुपार बसा, शक्यतो मुलांना घेऊन. सालाबद्दल विचारू नका, ते त्यांना आठवणार नाही. तेव्हा कोणती साथ होती, कोणता दुष्काळ होता, कोणते लग्न झाले होते, असे विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस घाला. मग दाखले, फेरफार, जुने सातबारे पाहा. दोन्हींत फरक पडला, तर एक खोडून दुसरे ठेवू नका, दोन्ही लिहा. कागद पन्नास वर्षांनीही तलाठ्याकडे मिळेल. आत्या मिळणार नाहीत.

सुटीनंतर परत आल्यावर वह्या आमच्याकडे द्याव्यात. तक्ता वाकडा असला तरी चालेल.